नऊ पिनांचा दोष नवशिक्याच्या माथी

“ज्याला फ्रंट पॅनेलच्या वायरी लावता येत नाहीत, त्याने कॉम्प्युटर जोडायच्या फंदात पडू नये.” हार्डवेअर शिकवणारे, दुकानात मशीन जोडून देणारे आणि हौसेने पीसी बांधणारे, सगळ्यांच्या तोंडी हे वाक्य थोड्याफार फरकाने असतं. त्याच्यामागून आणखी तीन वाक्यं येतात. मॅन्युअल वाचलं की सगळं कळतं. चुकलं तरी काही जळत नाही, उलटं करून लावायचं. आणि आम्हीही असंच शिकलो. चारही वाक्यं अनुभवाची वाटतात, म्हणून त्यांना सहसा कुणी हटकत नाही. मला ती हटकायची आहेत, कारण चारही मिळून एकच काम करतात: वस्तू बनवणाऱ्यांनी अर्धवट सोडलेल्या कामाचा दोष ती जोडणाऱ्याच्या बोटांवर ढकलतात.

आधी वस्तुस्थिती पाहू. कॅबिनेटच्या दर्शनी भागावर पॉवरचं बटण, रीसेटचं बटण, पॉवरचा आणि हार्ड डिस्कचा असे दोन बारीक दिवे, यूएसबीची तोंडं आणि हेडफोन-माइकच्या जागा असतात. या सगळ्यांच्या वायरी आतून मदरबोर्डापर्यंत येतात. यूएसबीची केबल एका अखंड प्लगमध्ये संपते. ऑडिओचीही तशीच संपते. पण दोन बटणं आणि दोन दिवे यांच्या वायरी सुट्या येतात, प्रत्येकी दोन भोकांच्या चिमुकल्या प्लगांत. पॉवरच्या दिव्याची धन आणि ऋण वायर तर बऱ्याचदा एकेका भोकाच्या दोन वेगळ्या तुकड्यांत असते. हे चार-पाच तुकडे बोर्डाच्या खालच्या कडेला, बहुधा उजव्या कोपऱ्यात, दोन ओळींत उभ्या असलेल्या नऊ पिनांवर बसवायचे. पिनांच्या अशा गटाला हेडर म्हणतात. दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. एका बाजूला कॅबिनेटची भिंत, वर ग्राफिक्स कार्डाची सावली, आजूबाजूला आधी लावलेल्या केबलींचा गुंता. मशीन जोडण्यातलं हे बहुतेकदा शेवटचं काम असतं, आणि यातली एकच जोडी, पॉवरच्या बटणाची, चुकली तर आधीचं सगळं बरोबर असूनही मशीन निपचित पडून राहतं.

आता ‘काही जळत नाही’ या म्हणण्याकडे येतो. त्यात तथ्य आहे तेवढं आधीच मान्य करतो. पॉवर आणि रीसेट ही साधी दाबबटणं आहेत. दाबलं की एक पिन क्षणभर ग्राउंडला टेकते, एवढंच त्यांचं काम. त्यांना धन-ऋण नाही, त्यामुळे प्लग फिरवून लावला तरी बटण चालतं. दिव्यांना मात्र दिशा असते. एलईडी उलटी लावली तर ती पेटत नाही, आणि तिच्या मार्गात रोधक असल्यामुळे सहसा बिघडतही नाही. म्हणजे दोन बटणं आणि दोन दिवे एवढ्यापुरतं हे म्हणणं बव्हंशी खरं आहे.

पण नवशिक्याच्या हातात फक्त हे तुकडे नसतात. त्याच वेण्यांतून यूएसबी आणि ऑडिओच्याही केबली येतात, आणि त्याला दिलेला धीर तो या सगळ्यांना लावतो. काही वर्षांपूर्वीच्या बोर्डांवर यूएसबीच्या हेडरशेजारी फायरवायरचा, म्हणजे आयईईई १३९४ चा, हेडर असायचा. दोन्हींचा आकार एक, दोन्हींत दहापैकी नववी पिन गाळलेली. यूएसबीचा प्लग फायरवायरच्या हेडरवर अलगद बसायचा. यूएसबीच्या केबलीत ज्या दोन जागा ग्राउंडच्या, नेमक्या त्याच जागांवर फायरवायरच्या हेडरमधून १२ व्होल्ट यायचे. मदरबोर्डांच्या मॅन्युअलांत याबद्दल ठळक अक्षरांत ताकीद छापलेली असे. ताकीद छापली, याचा अर्थ धोका माहीत होता. एक पिन वेगळ्या जागी गाळली असती तर ताकिदीची गरजच पडली नसती.

फायरवायर आता नव्या बोर्डांवरून जवळपास गेलं. त्याच्या जागी यूएसबी ३ चा १९ पिनांचा हेडर आला. त्याची केबल जाड आणि ताठ, पिना बारीक. प्लग थोडा तिरका दाबला की पिन वाकते. केबल ओढून काढताना कधी हेडरभोवतीचं प्लास्टिकचं कुंपणच उपटून हातात येतं. हेही फ्रंट पॅनेलच्याच जोडणीत घडतं, आणि यात ‘उलटं करून लावा’ हा सल्ला उपयोगाचा नाही.

त्याहून मोठं नुकसान चुकीच्या जोडणीने होत नाही, चूक शोधताना होतं. ही गोष्ट ‘काही जळत नाही’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबातच नसते. जाणत्या माणसाने बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं नाही, तर तो पॉवरचा प्लग काढतो आणि त्याच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवतो. मशीन सुरू झालं तर दोष वायरीत किंवा बटणात आहे हे त्याला अर्ध्या मिनिटात कळतं. पॉवरचं बटण आत अडकून राहिलं असेल तर मशीन सुरू होऊन चारेक सेकंदांत बंद पडतं, कारण बटण तेवढा वेळ दाबून धरलं की वीज तोडायची अशीच व्यवस्था असते. रीसेटचं बटण अडकलं तर पंखे फिरत राहतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. ही लक्षणं ओळखणाऱ्याला ती सोपी वाटतात. न ओळखणाऱ्याला पहिल्यात एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, खराब दिसतो आणि दुसऱ्यात मदरबोर्ड मेलेला दिसतो.

मग तो रॅम काढून पुन्हा बसवतो. एसएमपीएसच्या केबली उपसतो. शेवटी कूलर काढून प्रोसेसर उचलतो, आणि सॉकेटमधल्या केसासारख्या पिनांपैकी एखादी वाकवून बसतो. बोर्ड आता खरोखर बिघडला, आणि वाकलेली पिन वॉरंटीत सहसा धरली जात नाही. मूळ चूक काय होती? दोन भोकांचा एक तुकडा एक घर बाजूला बसला होता. ज्याच्या फळीवर तपासायला चार जादा बोर्ड आहेत त्याने ‘काही जळत नाही’ म्हणणं ठीक आहे. ज्याने पैसे साठवून एकच बोर्ड आणला आहे त्याच्यापुरतं ते खरं नाही.

दुसरा सल्ला मॅन्युअलचा. मॅन्युअल वाचावं, याबद्दल वाद नाही. वाद याबद्दल आहे की वाचून सगळं कळतं का. या जोडणीला दोन टोकं आहेत आणि प्रत्येक टोकाला जबाबदार कंपनी वेगळी आहे. मदरबोर्डाचं मॅन्युअल फक्त पिना दाखवतं. तुमच्या कॅबिनेटमधून कुठल्या रंगाची, कुठल्या नावाची वायर येईल हे त्याला माहीत नसतं. कॅबिनेटसोबत असलाच तर एक घडीचा कागद असतो, आणि तुमच्या बोर्डावर कुठली पिन कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. नेमकं मधलं जे पान हवं, म्हणजे ही वायर या पिनेवर, ते कुणीच छापत नाही.

नावंही जुळत नाहीत. वायरीवर ‘पॉवर एसडब्ल्यू’, बोर्डावर ‘पीडब्ल्यूआरबीटीएन’ किंवा नुसतं ‘पीडब्ल्यू’. वायरीवर ‘एचडीडी एलईडी’, जुन्या बोर्डांवर ‘आयडीई एलईडी’, तर कुठे फक्त ‘एचडी’. काही जुन्या बोर्डांवर पॉवरच्या दिव्याच्या जागी ‘एमएसजी’ लिहिलेलं असे. पूर्वी निदान एक अलिखित रिवाज होता: रंगीत वायर धन, पांढरी किंवा काळी ऋण. आता कॅबिनेटला काचेची भिंत आली, आतलं सगळं देखणं दिसलं पाहिजे झालं, आणि कित्येक कॅबिनेटांत सगळ्याच वायरी काळ्या झाल्या. शोभेसाठी रंग काढून घेतले. त्यांच्याबरोबर धन-ऋणाची सहज दिसणारी खूणही गेली. काही प्लगांवर बारीक त्रिकोण किंवा अधिक-उण्याची खूण असते. ती काळ्यावर काळ्यात उमटवलेली असली तर चाळिशीपुढच्या डोळ्यांना टॉर्चखेरीज दिसत नाही.

शिवाय मॅन्युअलच आता डब्यातून निघून चाललं आहे. बऱ्याच बोर्डांसोबत चार पानांची पुस्तिका आणि क्यूआर कोड मिळतो; पूर्ण मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. ज्याचा कॉम्प्युटर अजून जोडून व्हायचा आहे त्याने ते मोबाइलच्या पडद्यावर मोठं करकरून पाहायचं, तेही इंग्रजीत. मराठी पान अशा डब्यात मी आजवर पाहिलेलं नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हार्डवेअरचा ट्रेड करणाऱ्या मुलाला ‘मॅन्युअल वाच’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याला वाचता येईल असं मॅन्युअल देणं हे ज्यांचं काम, त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही.

चौथं वाक्य सर्वांत जड आहे, कारण त्याला वयाचा आणि कष्टाचा आधार असतो. ‘आम्हीही असंच शिकलो.’ शिकलात, यात शंका नाही. पण जे शिकलात त्यातलं किती टिकलं, तेही पाहा.

जुन्या एटी पद्धतीच्या मशीनमध्ये एसएमपीएसमधून बोर्डाकडे दोन प्लग यायचे, पी८ आणि पी९. दोन्ही सहा-सहा पिनांचे, दिसायला सारखे, शेजारी-शेजारी बसणारे. अदलाबदल झाली तर बोर्ड जळायचा. म्हणून प्रत्येक उस्ताद चेल्याला पहिला मंत्र द्यायचा: काळ्या वायरी मधे, एकमेकींना लागून. त्याच मशीनच्या दर्शनी भागावरचं पॉवरचं बटण हे खरोखरचं विजेचं बटण होतं. घरातला २३० व्होल्टचा प्रवाह जाड केबलीतून पुढे यायचा, आणि तिच्या चार वायरी बटणाच्या मागे हाताने खोचाव्या लागायच्या. तिथली चूक दिवा न पेटण्यावर थांबत नसे.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्सचा आराखडा आणला आणि हे दोन्ही प्रश्न एकदम मिटले. पी८-पी९ च्या जागी २० पिनांचा एकच प्लग आला, पुढे तो २४ पिनांचा झाला. त्याच्या काही घरांचा आकार मुद्दाम वेगळा ठेवला, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. दर्शनी बटणाच्या वायरीतून घरची वीज गेली आणि पाच व्होल्टांचा क्षीण इशारा उरला. मंत्राची गरज संपली. हार्ड डिस्कवर मास्टर-स्लेव्ह ठरवणारे जंपर होते. २००३ मध्ये हार्ड डिस्क जोडण्याचं साटा हे मानक आलं आणि ते गेले. साटाचा प्लग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा, एकाच दिशेने बसणारा. फ्लॉपीची केबल उलटी लागली की ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहायचा. आता फ्लॉपीच नाही. मशीनच्या मागच्या बाजूला कीबोर्ड कुठे आणि माउस कुठे यावरून गोंधळ व्हायचा. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेने रंग ठरवून दिले: कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, माइकला गुलाबी. त्यानंतर घरातलं शाळकरी पोरही मागच्या वायरी बिनचूक लावू लागलं.

या प्रत्येक बदलाने एक ‘कौशल्य’ संपवलं, आणि कुणीही त्या कौशल्यासाठी अश्रू ढाळले नाहीत. आज जंपर लावता न येणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही. मग नऊ पिनांवरच अडाणीपणाची कसोटी का घेतली जाते? सुधारणा कुठे झाली आणि कुठे झाली नाही, याचा हिशेब मांडला की उत्तर मिळतं. पी८-पी९ ची चूक बोर्ड जाळायची. जळलेला बोर्ड कंपनीकडे परत येण्याची शक्यता असायची. खर्च कंपनीच्या खिशातून जाण्याची भीती होती. म्हणून तो प्लग बदलला, असं मला वाटतं. नऊ पिनांच्या चुकीत ग्राहकाची रात्र जाते, दुकानापर्यंतचा हेलपाटा जातो, आत्मविश्वास जातो. यातलं काहीच कंपनीच्या वहीत खर्च म्हणून लिहिलं जात नाही. म्हणून हे काम अर्धवट राहिलं.

अर्धवट असं म्हणतो, कारण निम्मं काम खरंच झालेलं आहे, आणि ते चांगलं झालेलं आहे. इंटेलने फ्रंट पॅनेलच्या जोडणीसाठी मार्गदर्शिका काढली होती, तिची १.३ क्रमांकाची आवृत्ती २००५ ची. दहा घरं, दोन ओळी. पहिली आणि तिसरी पिन हार्ड डिस्कच्या दिव्याची. दुसरी आणि चौथी पॉवरच्या दिव्याची. पाचवी-सातवी रीसेटची, सहावी-आठवी पॉवरच्या बटणाची. दहावं घर रिकामं, तिथे पिनच नाही. पॅनेलचा प्लग उलटा बसू नये म्हणून ही पिन मुद्दाम गाळली आहे. त्याच मार्गदर्शिकेत ऑडिओच्या हेडरला आठवी पिन नाही आणि यूएसबीच्या हेडरला नववी नाही. ऑडिओ आणि यूएसबीचे प्लग आकाराने सारखे असूनही म्हणूनच एकमेकांच्या जागी बसत नाहीत. युक्ती साधी आहे, बिनखर्चाची आहे, आणि रोज लाखो मशीनवर निमूटपणे काम करते.

पण ही युक्ती चालायला समोरचा प्लग अखंड हवा. दहा घरांचा प्लग असेल आणि त्याचं दहावं भोक बुजवलेलं असेल, तरच गाळलेल्या पिनेला अर्थ आहे. पॅनेलच्या बाबतीत बोर्डाकडून गाळलेली पिन आली आणि कॅबिनेटकडून मात्र सुटे तुकडे येत राहिले. दोन भोकांच्या तुकड्याला दहाव्या पिनेची काय पर्वा? तो कुठेही बसतो, कसाही बसतो. इंटेलच्या मांडणीत नववी पिन ५ व्होल्टची आहे. कित्येक बोर्डांवर ती नुसती राखीव असते. रीसेटचा तुकडा एक घर सरकून सातवी-नववीवर बसला तर त्याला कोण अडवणार? अखंड प्लगने अडवलं असतं.

यावर जे उत्तर मिळतं ते चौथ्या वाक्याहून वजनदार आहे, म्हणून त्याला पूर्ण न्याय द्यायला हवा. उत्तर असं: कॅबिनेट दहा-पंधरा वर्षं टिकतं, त्यात तीन-चार बोर्ड येऊन जातात. प्रत्येक बोर्डाची मांडणी तीच असेल याची खात्री नाही. जुन्या बोर्डांवर पॉवरच्या दिव्याला तीन घरं असत आणि मधलं रिकामं असे. ब्रँडेड मशीनच्या बोर्डांची मांडणी तर त्या-त्या कंपनीची खासगी. सुटे तुकडे असले की कुठल्याही बोर्डाला लावता येतात. कुणाला रीसेटच्या बटणाने आतले रंगीत दिवे बदलायचे असतात, तर तो तेवढी वायर दुसरीकडे नेतो. अखंड प्लग हे स्वातंत्र्य काढून घेईल.

हे स्वातंत्र्य खरं आहे, आणि ते जाऊ नये असंच मलाही वाटतं. पण त्यासाठी प्रत्येक ग्राहकाला सुटे तुकडे देण्याची गरज नाही. कॅबिनेटची केबल अखंड प्लगमध्ये संपवा आणि डब्यात एक छोटी फाटे फोडणारी केबल ठेवा: एका बाजूला अखंड प्लग, दुसऱ्या बाजूला सुटे तुकडे. ज्याचा बोर्ड वेगळा आहे त्याने ती वापरावी. आज मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक नव्या बोर्डांवर पहिल्या आठ पिनांची मांडणी इंटेलच्या आराखड्याला धरूनच असते. कुठे हेडर २० घरांचा असला तरी पहिला भाग तोच राहतो. अपवादांच्या सोयीसाठी बहुसंख्यांना त्रासात ठेवायचं, हा न्याय उलटा आहे.

आणि हा उपाय माझ्या कल्पनेतला नाही. एनझेडएक्सटीच्या २०१९ मधल्या एच५१० या कॅबिनेटला पॅनेलचा एकच प्लग होता. त्याआधी बोर्डाच्या बाजूने असूसने क्यू-कनेक्टर दिला होता: मोठ्या अक्षरांचा एक प्लास्टिकचा तुकडा, ज्यावर वायरी टेबलावर उजेडात लावायच्या आणि मग तो अख्खा तुकडा हेडरवर बसवायचा. त्यात ना चिप, ना सर्किट. थोडं प्लास्टिक आणि थोडं पितळ. अशी सोय महागड्या बोर्डांपुरती ठेवण्याचं कुठलंही तांत्रिक कारण नाही. उलट ज्याला तिची खरी गरज, तो पहिल्यांदा मशीन जोडणारा माणूस बहुतेकदा स्वस्तातलाच बोर्ड घेतो.

राहिला एकमताचा प्रश्न. कॅबिनेटवाले वेगळे, बोर्डवाले वेगळे, त्यांनी एकत्र कसं यायचं, असं विचारतात. ते आले आहेत. गिगाबाइटचा प्रोजेक्ट स्टेल्थ २०२२ मध्ये आला, त्यानंतर एमएसआयचा प्रोजेक्ट झीरो आणि असूसचा बीटीएफ. या बोर्डांचे कनेक्टर मागच्या बाजूला असतात, त्यामुळे समोरून जवळपास एकही केबल दिसत नाही. त्यासाठी बोर्ड नव्याने आखले गेले, कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला नवी भोकं पाडली गेली, वेगवेगळ्या कंपन्यांनी एकमेकांची मापं घेतली. केबली लपवण्यासाठी एवढं होऊ शकतं, तर त्याच केबली नीट बसाव्यात म्हणून एका प्लगवर एकमत होऊ शकत नाही, हे कसं मानायचं? क्षमता आहे. प्राधान्य देखणेपणाला मिळालं.

आणखी एक आक्षेप आपल्याकडचा आहे, आणि तो प्रामाणिक काळजीतून येतो. सगळंच सोपं झालं तर दुकानातल्या कारागिराचं काय? मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असेंबल्ड मशीनचा व्यवसाय कित्येक दशकं उभा आहे. तिथल्या मुरलेल्या हाताला या नऊ पिना न बघता लावता येतात. पण गिऱ्हाईक त्याच्याकडे त्यासाठी जात नाही. कुठल्या प्रोसेसरला कुठला बोर्ड, कुठला एसएमपीएस खरोखर सांगितलेले वॅट देतो, गरम होणाऱ्या मशीनची हवा कुठे कोंडली आहे, कुठला सुटा भाग बाजारात परत येतो आहे, हे त्याला कळतं म्हणून लोक जातात. ते ज्ञान कुठल्याही प्लगने स्वस्त होणार नाही. उलट, गर्दीच्या दिवसात रीसेट आणि हार्ड डिस्कच्या वायरी न लावता तशाच बांधून ठेवलेली मशीनही मी पाहिली आहेत. गिऱ्हाइकाला वर्षानंतर कळतं की आपलं रीसेटचं बटण कधी जोडलेलंच नव्हतं. अखंड प्लग असता तर त्या कारागिराचाही वेळ वाचला असता आणि कामही पुरं झालं असतं.

आणि मशीन आतून उघडणारा प्रत्येकजण हौशीच असतो, हेही खरं नाही. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एसएमपीएस बदलणारे सर असतात. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जुन्या कॅबिनेटमध्ये नवा बोर्ड बसवणारी मालकीण असते. निवृत्तीनंतर नातवासाठी मशीन सुधारून घेणारे आजोबा असतात, ज्यांचा हात थोडा कापतो. लॅपटॉपची रॅम आता बऱ्याचदा बोर्डावरच झाळलेली असते, मोबाइलची बॅटरी चिकटवलेली असते. साध्या माणसाला स्वतः उघडता येईल, भाग बदलता येईल असं घरात डेस्कटॉप हे एकच गणकयंत्र उरलं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टल सुरू केलं. हक्क कागदावर आला, हे चांगलंच झालं. पण उघडलेलं मशीन पुन्हा जोडताना माणूस नऊ पिनांपाशी अडत असेल, आणि अडल्यावर त्यालाच नालायक ठरवलं जात असेल, तर पुढच्या वेळी तो झाकण उघडणारच नाही.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कॅबिनेट बनवणाऱ्यांनी पॅनेलच्या वायरी दहा घरांच्या अखंड प्लगमध्ये द्याव्यात, फाटे फोडणारी केबल डब्यात ठेवावी, आणि काळ्या वायरींचा हट्ट असेल तर निदान प्लगवरची अक्षरं आणि अधिक-उणे पांढऱ्या ठळक छपाईत द्यावेत. बोर्ड बनवणाऱ्यांनी पिनांची नावं सगळीकडे एकच ठेवावीत आणि त्यांचा नकाशा ठसठशीत छापावा, कार्डाखाली दडणार नाही अशा जागी. भारतात माल विकणाऱ्यांनी एक पान, फक्त एक पान, भारतीय भाषांत छापावं. चित्र असलं की शब्द वीससुद्धा लागणार नाहीत.

शिकवणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. नऊ पिनांचा क्रम घोकून घेऊ नका. कुठलं बटण काय करतं, दिव्याला दिशा का असते, पॉवरच्या दोन पिना टेकवून मशीन कसं सुरू करतात आणि त्यावरून दोष कसा शोधतात, हे पहिल्याच तासाला दाखवा. क्रम तर बोर्डाबरोबर बदलेल. हे आकलन पुढच्या प्रत्येक बोर्डावर उपयोगी पडेल, आणि प्रोसेसरच्या सॉकेटला विनाकारण हात लागणार नाही.

आणि विकत घेणाऱ्यांनी काउंटरवर एक प्रश्न विचारावा. आपण पंखे किती, काच आहे का, दिवे कुठल्या रंगाचे, हे विचारतोच. त्यात एवढी भर घाला: ‘फ्रंट पॅनेलचा प्लग एकच आहे की सुट्या वायरी आहेत?’ दुकानदार हा प्रश्न वितरकापर्यंत नेतो आणि वितरक कंपनीपर्यंत. काचेची भिंत अशाच मागणीतून सर्वत्र आली. अखंड प्लगही येईल. पण ज्यांना तो हवा आहे त्यांनी स्वतःच्या बोटांना दोष देणं थांबवून तो मागायला सुरुवात केली, तरच.